केमोचा त्रास सोसण्याआधी: दुष्परिणामांवरचं संशोधन घरच्यांनी कसं शोधावं, कसं वापरावं

आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला ते २०२१ साल. शस्त्रक्रियेनंतर ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि घरी घ्यायच्या केपसिटाबिनच्या गोळ्या अशी केमो सुरू झाली. तिसऱ्या सायकलपर्यंत, म्हणजे केमोच्या तिसऱ्या फेरीपर्यंत, तिने एकदाही तक्रार केली नाही. मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर पीठ भिजवून ठेवलेलं आणि आई परातीपुढे हात उघडे धरून नुसती उभी. तळवे लालबुंद, बोटांच्या पेरांवर भेगा. भाकरी थापता येत नव्हती. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाली, "होतील पंधरा. अगं, एवढं तर होणारच. डॉक्टरांना काय सांगायचं त्यात?"

त्या पंधरा दिवसांत आम्ही ओपीडीत जाऊन आलो होतो. डॉक्टरांनी "बाकी काही त्रास?" असं विचारलंही होतं आणि आम्ही दोघींनी "नाही" म्हणून सांगितलं होतं.

"एवढं तर होणारच" हे वाक्य मी नंतर डे-केअरच्या, म्हणजे भरती न करता केमो देतात त्या विभागाच्या, बाकांवर शेकडो वेळा ऐकलं. ते निम्मंच खरं आहे. त्रास होतो, पण त्यातल्या बऱ्याच त्रासांवर काय चालतं आणि काय चालत नाही, याचे नीट अभ्यास झालेले आहेत. काही तर आपल्याच देशात, परळ, दिल्ली, पुदुच्चेरीच्या रुग्णालयांत झालेत. ते रुग्णापर्यंत पोचायला मधे कुणीतरी लागतं. पाच मिनिटांच्या ओपीडीत डॉक्टर एकटे ते करू शकत नाहीत. हे काम घरच्या माणसाला कसं करता येईल, ते इथे क्रमाने सांगते. एक अट आधीच: खाली आलेलं कोणतंही औषध स्वतःहून सुरू करायचं नाही आणि चालू औषध स्वतःहून बंदही करायचं नाही. शोधायचं आपण, ठरवायचं डॉक्टरांबरोबर.

सगळ्यात आधी: जिथे शोधत बसायचं नाही

काही त्रासांत मोबाइल काढून वाचत बसलं तर माणूस हातचा जाऊ शकतो, म्हणून हे पहिलं.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. "काउंट पडले" म्हणतात ते हेच. औषधानुसार हे दिवस मागेपुढे होतात, तुमच्या औषधाचे दिवस विचारून घ्या. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करायचा आणि निघायचं. पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत अंगभर पसरतो. अशा रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात मिळावं, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. "सकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही. डॉक्टरांशी बोलण्याआधी पॅरासिटामॉलही द्यायची नाही. गोळीने आकडा उतरतो, संसर्ग आहे तिथेच राहतो.

मोठ्या रुग्णालयापासून लांब राहत असाल तर पहिल्या सायकलच्या आधीच दोन गोष्टी करून ठेवा. आम्ही कराडला होतो, म्हणून सांगते. एक, जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री जायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. दोन, त्यांच्याकडून एक चिठ्ठी घ्या: रुग्णाला कोणती केमो चालू आहे, ताप आल्यास "फेब्राइल न्यूट्रोपेनिया" (पांढऱ्या पेशी कमी असतानाचा ताप) समजून लगेच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ब्लड कल्चर आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं. गावात ताप आला की कमरेत इंजेक्शन टोचून घरी पाठवण्याची पद्धत आहे. केमोच्या रुग्णाच्या प्लेटलेट कमी असू शकतात आणि स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने आत रक्त साकळू शकतं. "केमो चालू आहे" हे दवाखान्याच्या दारातच सांगा.

थांबायचं नाही अशा आणखी गोष्टी: दम लागणं, छातीत दुखणं, एका पायाला अचानक सूज, न थांबणारं रक्त, गोंधळल्यासारखं बोलणं, पाणीही पोटात न टिकणं, दिवसातून नेहमीपेक्षा चारपाच जुलाब जास्त होणं. इम्युनोथेरपी चालू असेल किंवा काही महिन्यांपूर्वी संपलेली असली, तरी नवा खोकला, जुलाब, कावीळ, प्रचंड थकवा हे तिचेच परिणाम असू शकतात. कारण ती शरीराची प्रतिकारशक्तीच मोकळी सोडते, मग ती फुप्फुसावर, आतड्यावर, थायरॉइडवर उलटू शकते. तिथे "पोट बिघडलंय" म्हणून घरगुती उपाय करत बसणं धोक्याचं.

वही करा, आणि त्यात आकडे लिहा

वही हा भावनेचा सल्ला नाही, त्यावरही चाचणी झालेली आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात ७६६ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाने आपले त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवले आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी काळजी घेतली. २०१७ मध्ये निकाल आला. नोंदवणाऱ्या गटात जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले, तो आकडा) ३१.२ महिने, दुसऱ्यात २६ महिने. त्यात कोणतंही नवं औषध नव्हतं. त्रास वेळेत कळला, वेळेत आवरला, उपचार जास्त काळ झेपले.

संगणक नसला तरी दोनशे पानी वही पुरते. रोज रात्री पाच मिनिटं: तारीख, केमोचा कितवा दिवस, ताप, वजन (आठवड्याला एकदा), उलट्या किती, शौचाला किती वेळा, किती खाल्लं, कोणती गोळी घेतली. आणि त्रासाची पायरी.

पायरी महत्त्वाची, कारण डॉक्टर त्या भाषेत विचार करतात. ते दुष्परिणामांना १ ते ५ अशा श्रेणी देतात. ढोबळमानाने, १ म्हणजे जाणवतं पण काम अडत नाही, २ म्हणजे घरकाम-बाहेरची कामं अडतात, ३ म्हणजे स्वतःचं आवरणंसुद्धा अडतं किंवा भरती व्हावं लागतं, ४ म्हणजे जिवाला धोका, ५ म्हणजे मृत्यू. आईचे हात "दुखतात" असं सांगून काही कळलं नसतं. "भाकरी थापता येत नाही, पण अंघोळ आणि वेणी स्वतः करते" म्हटल्यावर डॉक्टर लगेच म्हणाले, ही दुसरी श्रेणी. गोळ्या थांबवल्या, हात बरे झाल्यावर डोस कमी करून पुन्हा सुरू केल्या. ब्लाउजची हुकं लावता येतात का, चूळ भरताना तोंड झोंबतं का, जिना चढताना मधे थांबावं लागतं का, अशा मोजपट्ट्या आपल्या घरातूनच काढा.

जुलाबांचा आकडा सांगताना "आधी किती वेळा जायचे" हेही लिहा. श्रेणी वाढ पाहून ठरते, एकूण आकड्यावरून नाही.

औषधांची खरी नावं लिहून घ्या

"लाल केमो", "तीन आठवड्यांची केमो" एवढ्यावर शोध पुढे जात नाही. डिस्चार्ज कार्डवर किंवा डे-केअरच्या कागदावर औषधाचं मूळ नाव असतं, ते हवं. कंपनीचं नाव उपयोगाचं नाही. केमो असो, टार्गेटेड गोळी, इम्युनोथेरपी, हार्मोनची गोळी किंवा शेक (रेडिएशन), प्रत्येकाचे त्रास वेगळे आणि त्यावरचे उपायही वेगळे. किती वेगळे, ते हाताच्या मुंग्यांच्या भागात दिसेल.

यासोबत बाकीच्या सगळ्या औषधांची यादी जोडा: बीपी, शुगर, थायरॉइड, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, शेजारणीने दिलेली पावडर, सगळं. उलटी थांबवायला केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्याने साखर भराभर वाढते. मधुमेही रुग्णाने त्या तीन-चार दिवसांत साखर किती वेळा तपासायची, हे आधीच विचारा.

त्रासाचं वैद्यकीय नाव काढा

मराठीत एका शब्दात दहा गोष्टी मावतात. "अशक्तपणा" म्हणजे हिमोग्लोबिन कमी, की कॅन्सरचा थकवा, की जेवण न गेल्याने गळालेलं अंग? "तोंड आलंय" म्हणजे ओरल म्युकोसायटिस (केमो किंवा शेकाने तोंडाच्या आत पडलेले फोड), की कँडिडा बुरशीचा पांढरा थर? दोन्हींचा उपचार वेगळा आहे. डॉक्टरांना किंवा नर्सना सरळ विचारा, "याला इंग्रजीत काय म्हणतात? वहीत लिहून द्याल का?" डे-केअरच्या नर्स यात फार मोठा आधार असतात. आईच्या तळव्यांच्या त्रासाचं हँड-फूट सिंड्रोम हे नाव मला तिथल्याच एका सिस्टरने लिहून दिलं. ते हातात नसतं, तर मी "हाताला भेगा" शोधत बसले असते आणि कोरड्या त्वचेच्या क्रीमच्या जाहिराती वाचल्या असत्या.

कुठे शोधायचं

औषधाचं नाव अधिक त्रासाचं नाव, दोन्ही इंग्रजीत, एवढं पुरतं. जागा मी या क्रमाने वापरते.

आधी मार्गदर्शक सूचना, कारण त्यांत अनेक अभ्यास तज्ज्ञांनी चाळलेले असतात. भारतात नॅशनल कॅन्सर ग्रिड हे २०१२ मध्ये सुरू झालेलं कॅन्सर केंद्रांचं जाळं आहे, टाटा मेमोरियल त्याच्या मुळाशी आहे. त्यांच्या सूचना मोफत आहेत आणि आपल्याकडच्या खर्चाचा विचार करून लिहिलेल्या असतात. दुष्परिणामांसाठी खास काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था म्हणजे मास्क (MASCC). तोंड येणं, मळमळ यांवरच्या तिच्या सूचना जगभर मानल्या जातात.

त्यानंतर कॉक्रेन. ही संस्था एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून निष्कर्ष काढते आणि साध्या भाषेतला सारांशही देते.

मग पबमेड, अमेरिकी सरकारचा वैद्यकीय शोधनिबंधांचा मोफत साठा. सारांश जवळजवळ प्रत्येक निबंधाचा मिळतो. डावीकडे गाळणी आहे, तिथे रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल (यादृच्छिक चाचण्या, म्हणजे रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेल्या) आणि सिस्टेमॅटिक रिव्ह्यू (पद्धतशीर आढावे) एवढेच निवडा, नाहीतर हजारो निबंधांत हरवाल. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. पण निष्कर्षाची ओळ तरी मूळातून वाचा, भाषांतराच्या यंत्राने "नाही" गाळलेलं मी पाहिलं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या "संशोधनाने सिद्ध" मजकुराला एकच कसोटी: निबंधाचं नाव द्या. नसेल तर तो मजकूर वहीत येणार नाही.

वाचायचं कसं: एका जेलचं उदाहरण

आईचे हात बरे झाल्यावरही मी हा विषय सोडला नाही. २०२४ मध्ये दिल्लीच्या एम्सचा एक अभ्यास आला, तो वाचून मला रडू आलं. आमच्या वेळी तो असता तर, असं वाटलं. तोच घेऊन वाचायची रीत सांगते.

कुणावर? केपसिटाबिन घेणाऱ्या २६४ स्तन आणि पचनसंस्थेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर. म्हणजे आईच्या औषधावरच, शिवाय आपल्या देशात, आपल्या त्वचेवर, आपल्या हवेत. दुसऱ्या औषधावर झालेला अभ्यास असता, तर मी तो बाजूला ठेवला असता.

काय केलं? सांधेदुखीला लावतो ते डायक्लोफिनॅकचं जेल, १ टक्का, दिवसातून दोनदा हातांना, बारा आठवडे. दुसऱ्या गटाला औषध नसलेलं जेल. कुणाला कोणतं, ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. या दोन गोष्टी असल्या की निकालावर भरवसा ठेवता येतो, कारण "औषध लावलंय" या समजुतीने वाटणारा आराम दोन्हीकडे सारखाच असतो.

किती फरक? साध्या जेलच्या गटात १५ टक्के रुग्णांना दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा त्रास झाला, औषधाच्या जेलच्या गटात ३.८ टक्के. "तीन चतुर्थांश त्रास कमी" असंही हे सांगता येतं आणि जाहिरात तसंच सांगते. मी मात्र शंभर माणसं डोळ्यांपुढे आणते. शंभरांतल्या पंधराऐवजी चौघांना त्रास, म्हणजे अकराजण वाचले. नऊजणांनी जेल लावलं की साधारण एकाचा त्रास टळतो. बाकीच्या बहुतेकांना तो होणारच नव्हता. तरी स्वस्त, त्वचेवर लावायच्या औषधासाठी हा सौदा मला उत्तम वाटतो. हाच फरक एखाद्या महागड्या किंवा पोट-मूत्रपिंडाला झेपणार नाही अशा गोळीने आला असता, तर दहादा विचार केला असता.

कशासाठी? टाळण्यासाठी. जेल सुरुवातीपासून लावलं होतं. भेगा पडल्यावर लावून काय होतं, हे या अभ्यासाने तपासलेलं नाही. ही ओळ लोक हमखास विसरतात. चिरलेल्या त्वचेवर ते लावायचं नाही, आणि डायक्लोफिनॅकची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारायचं.

आमच्या वेळी केमिस्टने बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या. "याने हात बरे होतात" असं सगळेच म्हणायचे. बी-६ ची तुलना नकली गोळीशी, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीशी, करणाऱ्या चाचण्यांत हँड-फूट सिंड्रोम टळल्याचं दिसलेलं नाही. सगळे म्हणतात आणि चाचणीत दिसतं, यांतलं अंतर मला त्या गोळ्यांनी शिकवलं.

मळमळ आणि भूक: एकाच गोळीच्या दोन कहाण्या

उलटीबद्दल पहिली गोष्ट म्हणजे ती आल्यावर नाही, येण्याआधी थांबवायची असते. सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध उलटी रोखणारं काहीच न देता दिलं, तर शंभरांतल्या नव्वदहून जास्त जणांना उलटी होते. म्हणून केमोच्या आधीच दोन-तीन-चार औषधं एकत्र देतात. सांगितलेल्या दिवसांपर्यंत ती घ्या, बरं वाटलं म्हणून दुसऱ्याच दिवशी थांबू नका. उशिरा येणारी मळमळ दुसऱ्या ते पाचव्या दिवसात गाठते.

यात ओलान्झापिन नावाची जुनी गोळी पुढे आली. ती मूळची मानसिक आजाराची, त्यामुळे चिठ्ठी गुगलवर टाकून "आईला वेडाची गोळी दिली" म्हणून घाबरलेले नातेवाईक मी पाहिलेत. घाबरू नका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ३८० रुग्णांच्या चाचणीत, नेहमीच्या औषधांत १० मिलिग्रॅम ओलान्झापिन जोडल्यावर पहिल्या चोवीस तासांत अजिबात मळमळ नसलेल्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेलं. अडचण झोपेची होती, माणूस दिवसभर गुंगीत. मग परळच्या टाटा मेमोरियलने विचारलं, एवढा डोस लागतोच का? २.५ आणि १० मिलिग्रॅमची थेट तुलना केली. २०२४ मध्ये निकाल आला: उलटी रोखण्यात छोटा डोस कमी पडला नाही आणि गुंगी बरीच कमी झाली. तुमचं माणूस ही गोळी घेऊन दिवसभर झोपून राहत असेल, तर डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हाच: "डोस कमी करून चालेल का?"

दुसरी कहाणी भुकेची. पुदुच्चेरीच्या जिपमर रुग्णालयात पोट, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १२४ रुग्णांना केमोसोबत रोज २.५ मिलिग्रॅम ओलान्झापिन किंवा नकली गोळी बारा आठवडे दिली. ५ टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले ओलान्झापिनच्या गटात ६० टक्के होते, नकली गोळीच्या गटात ९ टक्के. भूक मेली की घरात ताटावर भांडणं होतात, "चार घास खा ना", "नको म्हटलं ना". मला वाटतं, त्या भांडणाआधी हा प्रश्न डॉक्टरांपुढे जायला हवा. साखर, वजन, हृदयाचे ठोके आणि चालू औषधं पाहून ते ठरवतील.

जेवणाचं साधं: तीन ताटांऐवजी सहा वाट्या. मऊ खिचडी, मुगाचं वरण, नाचणीची पेज, उकडलेलं अंडं, पनीर. फोडणीचा वास सहन होत नसेल तर रुग्ण दुसऱ्या खोलीत असताना स्वयंपाक उरका, आणि अन्न गरमऐवजी कोमट वाढा, वास कमी येतो.

फळं, कोशिंबीर सगळं बंद करण्याची पद्धतही तपासा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात, स्टेम सेल प्रत्यारोपणाच्या म्हणजे काउंट अगदी तळाला गेलेल्या रुग्णांतसुद्धा, कडक पथ्याच्या गटाला संसर्ग कमी झाले नाहीत. स्वच्छ धुतलेलं, सोललेलं, ताजं अन्न चालतं. गाडीवरचा उसाचा रस, उघडी चटणी, कच्चं दूध मात्र नको. तुमचे डॉक्टर काही वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका, पण कारण विचारा.

तोंड, हातापायांच्या मुंग्या, थकवा

तोंडासाठी मीठ आणि खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, दिवसातून चार-पाच वेळा, मऊ ब्रश, अल्कोहोलचा माउथवॉश नको. फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध शिरेतून एकदम देताना अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात ठेवायची मास्कची शिफारस आहे. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. पण त्याच दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिनही असेल तर थांबा. त्या औषधाने थंडीचा स्पर्शही करंटसारखा लागतो, घसा आवळल्यासारखा होतो. आईला तर फ्रीजचं दार उघडलं तरी बोटं वाकडी व्हायची. तोंड किंवा घशाच्या कॅन्सरला शेक घेणाऱ्यांनी तोंड येऊ नये म्हणून "लो लेव्हल लेझरची सोय आहे का?" असं जरूर विचारावं. मणिपालच्या रुग्णांवर त्याच्या चांगल्या चाचण्या झालेल्या आहेत.

मुंग्यांचा हाच घोळ. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधासाठी बर्फाचे हातमोजे घालून मुंग्या कमी झाल्याचे अभ्यास आहेत, ऑक्सॅलिप्लॅटिनला ते हातमोजे म्हणजे छळ. नाव नेमकं हवं ते याचसाठी. मुंग्यांचं दुखणं बसल्यावर, चांगला पुरावा असलेलं औषध जवळजवळ एकच आहे: ड्युलॉक्सेटिन. २०१३ च्या २३१ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्या ५९ टक्क्यांचं दुखणं कमी झालं, नकली गोळीवर ३८ टक्क्यांचं. बधिरपणापेक्षा दुखण्यावर त्याचा उपयोग. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरची हार्मोनची गोळी घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं, ड्युलॉक्सेटिन तिच्या कामात अडथळा आणू शकतं.

आता खास लक्ष द्या. त्याच २०१३ सालच्या दुसऱ्या चाचणीत टॅक्सेनची (पॅक्लिटॅक्सेलच्या गटातली) केमो घेणाऱ्या ४०९ स्त्रियांपैकी काहींना असिटिल-एल-कार्निटिन हे पूरक दिलं. मुंग्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. आपल्याकडे "नसांच्या ताकदीसाठी" मिळणाऱ्या मिथाइलकोबालामिनच्या काही गोळ्यांत हेच मिसळलेलं असतं. पट्टीची मागची बाजू वाचा.

थकव्याला आपल्याकडे एकच सल्ला असतो, "पडून राहा". ११३ चाचण्यांचा, साडेअकरा हजार रुग्णांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये आला. त्यात थकव्यावर व्यायाम आणि समुपदेशन औषधांपेक्षा सरस ठरलं. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. मग अंगणात पाच मिनिटं, दोन दिवसांनी सात, असं. वहीत मिनिटं लिहा. हाडात कॅन्सर पसरला असेल, प्लेटलेट खूप कमी असतील किंवा ताप असेल तेव्हा आधी विचारूनच.

काढे आणि पावडरी

घरच्यांचा जीव तुटतो म्हणून ते काढा करून देतात, हे मला कळतं. मीही गुळवेल आणली होती. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. यकृत ज्या औषधांची विल्हेवाट लावतं त्यांत केमोची बरीच औषधं येतात. केमोच्या काळात यकृताचे आकडे वाढले तर दोष केमोला जातो आणि डोस कापला जातो, किंवा सायकल पुढे जाते. काढा लपवू नका, डॉक्टर रागावतील या भीतीने तर मुळीच नाही. "हे चालू आहे, थांबवू का?" एवढंच विचारायचं.

डॉक्टरांपुढे कसं मांडायचं

निबंधांचा गठ्ठा नेऊ नका. एक कागद न्या, त्यावर तीनच गोष्टी: त्रास (श्रेणीसकट, वहीतल्या तारखांसकट), प्रश्न, आणि निबंधाचं नाव-साल. आज आई केमोवर असती, तर मी असं काहीसं बोलले असते:

"डॉक्टर, गेल्या सायकलला चौथ्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंत तळवे दुखत होते, भाकरी थापता येत नव्हती. एम्सचा २०२४ चा एक अभ्यास वाचला, डायक्लोफिनॅक जेलचा. त्यात जेल सुरुवातीपासून लावलं होतं, आईला आता चालेल का? तिला बीपी आहे."

"नाही" आलं तर "का?" विचारा, आणि उत्तर वहीत लिहा. कितीदा तरी ते उत्तर माझ्या शोधापेक्षा शहाणं होतं. मी विचारलेलं एक औषध आईच्या क्रिएटिनिनमुळे (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) बाद झालं, ते निबंधात कुठून दिसणार?

त्रास आवरतच नसेल तर पॅलिएटिव्ह विभागाची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या विभागाची, चिठ्ठी मागा. हे नाव ऐकून लोकांना वाटतं आता शेवट आला. २०१० मध्ये बोस्टनच्या १५१ फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या अभ्यासात निदान होताच ही सेवा जोडली होती. त्या रुग्णांचं जगणं सुसह्य झालंच, ते जगलेही जास्त: ११.६ महिने, दुसरा गट ८.९ महिने.

नोंद पुढे पाठवा, आणि चाचणीत सहभागी व्हायचं असेल तर

औषधाचा वेगळा किंवा गंभीर परिणाम दिसला, तर सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाला रुग्ण स्वतः कळवू शकतो. मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. शंका पुरते, पुरावा लागत नाही.

दुष्परिणामांवर चालू असलेल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत मिळतात. भारतात चाचणी सुरू करण्याआधी तिथे नोंदणी करावी लागते, २००९ पासून हे बंधनकारक आहे. त्रासाचं नाव टाकून महाराष्ट्रातली केंद्रं शोधा. सहभागाआधी संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. आपल्याला नकली औषध मिळण्याची शक्यता आहे का, नेहमीचा उपचार चालू राहणार का, जादाच्या तपासण्यांचा खर्च कुणाचा, हे विचारा. इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. कधीही बाहेर पडता येतं, आणि त्याने नेहमीच्या उपचारांवर परिणाम व्हायला नको.

केमो संपल्यावर

शेवटच्या सायकलनंतर वही कपाटात जाते, ती जाऊ देऊ नका. ऑक्सॅलिप्लॅटिनच्या मुंग्या औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने वाढत जाऊ शकतात. हे आम्हाला माहीत नव्हतं, आई घाबरली होती. डिस्चार्जच्या वेळी एका पानाचा उपचार-सारांश मागून घ्या: औषधांची मूळ नावं, प्रत्येकाचा एकूण डोस, शेक दिला असेल तर कुठे आणि किती, कोणते दुष्परिणाम कोणत्या श्रेणीपर्यंत गेले, पुढे हृदय, थायरॉइड किंवा हाडांची कोणती तपासणी किती महिन्यांनी. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध घेतलेल्यांनी तर त्याचा एकूण डोस जपून ठेवावा. हृदयावर त्याचा भार साठत जातो आणि दहा वर्षांनी भेटणारा डॉक्टर तो आकडा विचारेल.

आमच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर हा सारांश चिकटवला आहे. पुढच्या पानांवर आता महिन्यातून एकदाच नोंद असते. गेल्या महिन्याची अशी: पायाच्या बोटांना अजून थोडा बधिरपणा, रात्री चप्पल पायातून निसटते, हात ठीक, भाकऱ्या चार.